प्रतीक्षा यादीत १८७ वा क्रमांक : सहकारी संस्थेतले घर नेमके कधी मिळते?

प्रश्न असा : परवडणाऱ्या घरांच्या एका सहकारी संस्थेत दोन बेडरूमच्या घरासाठी दोन वर्षांपूर्वी अर्ज केला. तेव्हा क्रमांक २१४ होता, आता १८७ आहे. संस्थेत ३०० घरे आहेत. घरी आम्ही दोघेच, पुढे मूल होईल असे धरून दोन बेडरूम मागितल्या. किती वर्षे लागतील, आणि तोवर हातावर हात ठेवून बसण्यापलीकडे काही करता येते का?

साधा भागाकार केला तर दोन वर्षांत २७ क्रमांक, म्हणजे वर्षाला साडेतेरा, आणि उरलेल्या १८७ ला सुमारे १४ वर्षे. बहुतेक लोक इथे येऊन थांबतात. मग कोणी नाद सोडतो, कोणी अर्ज विसरून जातो. पण क्रमांकावरून तुमच्यापुढे किती जण आहेत एवढेच कळते. वेळ ठरते ती तीन निराळ्या आकड्यांवर : तुम्हाला हव्या त्या आकाराची किती घरे वर्षाला मोकळी होतात, त्यातली किती बाहेरच्या यादीच्या वाट्याला येतात, आणि एक घर भरताना यादीतली किती नावे खर्ची पडतात.

हिशेबासाठी आकडे धरून चालू. ३०० पैकी १२० घरे एक बेडरूमची, १३० दोनची, ५० तीनची. वर्षाला शंभरात चार घरे मोकळी होतात असे समजा. (स्वस्त संस्थेत हे प्रमाण मुळात कमीच असते. बाहेर त्या पैशांत काही मिळत नसताना घर सोडणार कोण?) म्हणजे एकूण १२ घरे. त्यातली, समजा, एक बेडरूमची ६, दोनची ४, तीनची २.

आता बहुतेक संस्थांमध्ये मोकळे घर आधी आतल्या सभासदांना दाखवतात. ज्यांचे कुटुंब वाढले ते मोठे घर मागतात. तीन बेडरूमची दोन्ही घरे दोन बेडरूमवाल्या सभासदांनी घेतली, की त्यांची दोन घरे मोकळी होतात. म्हणजे दोन बेडरूमची आता सहा झाली. त्यातली चार एक बेडरूमवाल्यांनी घेतली, की बाहेरच्यांसाठी दोनच उरतात आणि एक बेडरूमची ६ अधिक ४, म्हणजे १० घरे होतात. बेरीज तीच, शून्य, दोन आणि दहा मिळून १२. बाहेरच्या यादीला घरे तेवढीच मिळाली, पण जवळजवळ सगळी लहान. 'आतले लोक सगळी घरे घेतात' ही तक्रार म्हणूनच अर्धीच खरी. अंतर्गत बदलीने घरांची संख्या घटत नाही, आकार घसरतो. याचा सगळ्यात जास्त फटका दोन आणि तीन बेडरूमच्या बाहेरच्या यादीला बसतो, आणि तुम्ही त्यातल्याच एका यादीत उभे आहात.

काही संस्था हे जाणून प्रमाण ठरवून ठेवतात : आतल्या दोन बदल्यांमागे एक घर बाहेरच्याला, किंवा एकाआड एक. तुमच्या संस्थेत असा नियम आहे का, हे उपविधीत किंवा वाटप नियमावलीत लिहिलेले असते. नसेल तर बदलीवाल्यांना पूर्ण प्राधान्य आहे असे धरून चाला.

तिसरा आकडा लोकांच्या लक्षातच येत नाही. घर मोकळे झाले की कार्यालय पहिल्या नावाला एकच पत्र पाठवून उत्तराची वाट बघत बसत नाही. एकदम आठ-दहा जणांना पत्रे जातात. समजा दहा गेली. त्यातली तीन पत्ता बदलल्यामुळे परत आली, दोघांनी उत्तरच दिले नाही, दोघांचे उत्पन्न आता मर्यादेबाहेर गेले, एकाने दुसरीकडे घर घेतले, एक म्हणाला 'आत्ता नको', आणि एकाने घेतले. एका घरामागे दहा नावे पुढे सरकली. यादी जितकी जुनी तितकी तिची पुढची टोके पोकळ असतात. नव्याने उघडलेल्या यादीत मात्र सगळे ताजे, सगळे गरजू, तिथे एका घरामागे दोन-तीन नावेच जातात.

आता तुमचा आकडा पुन्हा बघा. वर्षाला दोन घरे आणि घरामागे तीन नावे, तर वर्षाला सहा क्रमांक, म्हणजे ३१ वर्षे. तीच दोन घरे आणि घरामागे दहा नावे, तर वर्षाला वीस, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या आत. तुमचे साडेतेरा या दोन्हींच्या मध्ये येतात, घरामागे जवळपास सात नावे. पण हे साडेतेरा कशामुळे आले ते तुम्हाला ठाऊक नाही. दोन वर्षांत एकदा यादीची छाटणी झाली असेल आणि त्यात २० नावे एका दमात उडाली असतील, तर प्रत्यक्ष वाटपामुळे फक्त सातच सरकली. पुढची छाटणी होईपर्यंत क्रमांक फारसा हलणार नाही.

आणखी एक गोम. हा १८७ दोन बेडरूमच्या यादीतला की सगळ्या आकारांच्या एकत्र यादीतला? एकत्र असेल तर तुमच्यापुढच्या १८६ मध्ये एक बेडरूम मागणारेही आले, आणि त्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही. तुमच्या रांगेत खरे सत्तरच जण असू शकतात.

तेव्हा कार्यालयाला पुढचे प्रश्न लेखी विचारा. फोनवर 'चालू आहे, होईल' यापलीकडे उत्तर मिळत नाही, आणि मिळाले तरी ते देणारा पुढच्या वर्षी तिथे नसतो.

१. गेल्या तीन वर्षांत दोन बेडरूमची किती घरे बाहेरच्या यादीतून दिली, वर्षवार?
२. दोन बेडरूमसाठी शेवटचे देकारपत्र (घर देऊ करणारे पत्र) कितव्या क्रमांकापर्यंत गेले?
३. माझा क्रमांक आकारनिहाय आहे की एकत्र? शेवटची छाटणी कधी झाली?
४. अर्जातला आकार बदलला तर मूळ तारीख टिकते का?
५. किती नकारांनंतर नाव कटते किंवा तळाला जाते, आणि नकार कशाला धरतात?
६. उत्पन्न अर्जाच्या दिवशीचे बघतात की वाटपाच्या दिवशीचे?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. शेवटचे पत्र १६० पर्यंत गेले असेल तर तुम्ही दारात उभे आहात. ४० पर्यंत गेले असेल तर चौथ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या कामाचे.

कारण तुमच्यासारख्या दोघांच्या कुटुंबाला बहुतेक नियमावल्या एक बेडरूमलाही पात्र धरतात. वरच्या हिशेबात बाहेरच्यांना एक बेडरूमची दहा घरे मिळत होती, दोनची दोन. म्हणजे लहान घर घेऊन आत शिरायचे आणि मूल झाले की अंतर्गत बदलीच्या रांगेत उभे राहायचे, ही वाट बाहेरून थेट मोठ्या घराची वाट बघण्यापेक्षा बहुधा जवळची ठरते. जी साखळी आज तुमच्या आड येते आहे, तीच मग तुम्हाला ओढून नेते. दोन अटी मात्र आधी तपासा. बदली मागण्याआधी किती काळ राहावे लागते (एक-दोन वर्षांची अट बऱ्याच ठिकाणी असते), आणि थकबाकी असेल तर बदली अडते का. शिवाय लहान घरात शिरतानाच कुटुंब त्या आकाराच्या वरच्या मर्यादेपलीकडे असेल तर ही वाट बंद. तिघांना एक बेडरूम देतातच असे नाही. म्हणून मूल व्हायच्या आधीचा काळ इथे कामाचा.

सगळीकडे रांग तारखेनेच लागते असेही नाही, आणि कोणत्या प्रकारच्या संस्थेत आपण आहोत हे कळल्याशिवाय वाट बघण्याला काही अर्थ नाही. न्यूयॉर्क राज्यात १९५५ च्या मिचेल-लामा कायद्याखाली उभ्या राहिलेल्या सहकारी इमारतींत यादी उघडली की अर्जांची सोडत काढून क्रमांक लावतात. पहिल्या दिवशी अर्ज केला की शेवटच्या, याने फरक पडत नाही. यादी भरली की ती कित्येक वर्षे बंदच राहते. नॉर्वेतल्या ओबॉस या १९२९ पासूनच्या संस्थेत सभासदत्वाची ज्येष्ठता चालते. घर विकायला निघाले की ज्या सभासदाची वर्षे जास्त, त्याचा हक्क आधी, आणि ही ज्येष्ठता कुटुंबातल्या माणसाच्या नावे करता येते. म्हणून तिथे लोक मुलांना लहानपणीच सभासद करून ठेवतात. कॅनडातल्या बऱ्याच संस्थांत सभासद निवड समिती मुलाखत घेते. झ्युरिकच्या काही संस्था यादी ठेवतच नाहीत, घर निघाले की जाहिरात करतात. अशा ठिकाणी चार वर्षे 'वाट बघितली' म्हणणाऱ्याने खरे तर काहीच केलेले नसते. उरुग्वेत परस्पर श्रमाच्या गृहसंस्थांचा आणखी वेगळा प्रकार. तिथे घर बांधून होईपर्यंत प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला २१ तास बांधकामावर राबायचे, आणि ती मेहनतच त्याच्या हक्काचा पाया.

जर्मनीसारख्या देशांत एक गल्लत वारंवार होते. संस्थेचे भाग (शेअर) विकत घेऊन माणूस सभासद होतो आणि समजतो की घराच्या रांगेत नाव लागले. सभासदत्व वेगळे, घराची मागणी नोंदवणे वेगळे. भाग घेतल्याची पावती हातात असेल तर ती नीट वाचा. मागणीचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक तिच्यावर नसेल तर तुम्ही बहुधा रांगेत नाही.

संस्था किती मोठी यालाही महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या को-ऑप सिटी या सहकारी वसाहतीत १५,३७२ घरे आहेत. शंभरात तीनच मोकळी झाली तरी वर्षाला साडेचारशेहून अधिक. तिथला दोन हजारावा क्रमांक साठ घरांच्या संस्थेतल्या तिसाव्यापेक्षा बरा. आणि बांधकाम चालू असलेल्या नव्या संस्थेला तर तोडच नाही. २०० घरे एकदम वाटायची म्हणजे तुमच्या संस्थेच्या सोळा-सतरा वर्षांचे वाटप एका हंगामात. म्हणून एकाच यादीवर विसंबू नका. जिथे नियम आडवा येत नाही तिथे चार-पाच ठिकाणी अर्ज ठेवा, आणि त्यात निदान एक तरी अजून न बांधलेली संस्था असू द्या.

आता नाव कशामुळे कटते ते. उत्पन्न वाढले, कुटुंब बदलले ही कारणे पुढे येतीलच, पण सगळ्यात जास्त नावे कटतात ती एका साध्या पत्राला उत्तर न दिल्यामुळे. दरवर्षी किंवा एक वर्षाआड संस्था विचारते, 'नाव ठेवायचे का?' सोबत एक फॉर्म, उत्तराला महिन्याभराची मुदत. तो जुन्या पत्त्यावर गेला, ईमेल असेल तर स्पॅममध्ये पडला, की संपले. फोन करून कोणी आठवण करून देत नाही. त्यामुळे पत्राची वाट न बघता दरवर्षी अर्जाच्या तारखेच्या महिन्यात आपणच लिहून मोकळे व्हावे. मजकूर एवढाच पुरतो :

'अर्ज क्रमांक अमुक, अर्जाची तारीख अमुक, दोन बेडरूम. आमचे नाव यादीत कायम ठेवावे. पत्ता पूर्वीचाच आहे, फोन बदलून असा झाला आहे. कुटुंबात अमुक तारखेपासून एका व्यक्तीची भर पडली असून दाखला जोडला आहे. आमचा आजचा क्रमांक कळवावा व या पत्राची पोच द्यावी.'

हे पत्र आणि त्याची पोच एका फाइलीत, मूळ अर्जाची प्रत आणि पहिल्या दिवशीची पावती यांच्या मागे. पावतीवर तारीख आणि क्रमांक स्पष्ट दिसले पाहिजेत. थर्मल कागदाची पावती दोन-तीन वर्षांत कोरी होते, तिची झेरॉक्स पहिल्याच दिवशी काढा. संस्थेचे व्यवस्थापन बदलले, यादी वहीतून संगणकावर गेली, की काही नावे गळतातच. तेव्हा भांडायला हातात असतो तो हा एक कागद. नाव कटल्याचे कळले तर आधी निर्णय लेखी मागा, कारणासह. अपिलाची मुदत बहुधा त्या पत्राच्या तारखेपासून मोजतात, आणि ती आठवड्यांत असते, महिन्यांत नाही. 'मला पत्रच मिळाले नाही' या म्हणण्याला वजन नसते. 'अमुक तारखेला मी नवा पत्ता कळवला, ही त्याची पोच' याला असते.

उत्पन्नाचे दोन टोकांचे नियम असतात. वरची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते, खालची नसते. मासिक आकार (संस्थेला दरमहा द्यायचे शुल्क) भरण्याइतके उत्पन्न नाही असे दिसले तरी अर्ज नाकारला जातो. बहुतेक ठिकाणी वाटपाच्या वेळचे उत्पन्न बघतात, आणि मर्यादा वेळोवेळी बदलते, त्यामुळे दरवर्षी नवा आकडा बघत जा. गणती संपूर्ण कुटुंबाची होते. जोडीदाराचा पगार, ओव्हरटाइम, बोनस, व्याज, घरात राहणाऱ्या कमावत्या मुलाचे उत्पन्न, सगळे. फसगत होते ती इथे. अर्जात एकाचेच उत्पन्न दाखवायचे आणि छाननीला दोघांची करविवरणे जोडायची, हे लपत नाही, आणि मग मर्यादेत बसणारा अर्जही खोट्या माहितीच्या कलमाखाली बाद होतो. स्वतःचा धंदा असणाऱ्यांकडे दोन-तीन वर्षांची विवरणे मागतात आणि सरासरी काढतात. चांगले वर्ष मध्येच येऊन गेले असेल तर ते सरासरीत डोकावते.

आत गेल्यावर उत्पन्न वाढले तर? बहुतेक योजनांत घर जात नाही. मिचेल-लामात अशा कुटुंबाला मासिक आकारावर अधिभार बसतो. पण ही सवलत आतल्यांना. बाहेरच्याला मर्यादा एका रुपयानेही ओलांडून चालत नाही, त्यामुळे पगारवाढ आणि देकारपत्र एकाच महिन्यात आले तर कोणत्या तारखेचे उत्पन्न धरणार हे आधी विचारून मगच कागद द्या.

कुटुंबाच्या यादीत कोण आहे हेही तेवढेच नाजूक. लग्न, जन्म, घटस्फोट, मृत्यू, वयस्क आई-वडील राहायला येणे, हे घडले की दाखल्यासह कळवावे. जे नाव अर्जात नाही त्याला पुढे वारसाहक्काने घरात राहण्याचा दावा करणे जड जाते. मुख्य अर्जदार वारला किंवा वेगळा झाला तर क्रमांक कोणाकडे जातो, हे काही नियमावल्यांत स्पष्ट असते, काहींत अजिबात नसते. दोघांना संयुक्त अर्जदार म्हणून नोंदवता येत असेल तर तसेच करा.

पैशाचे गणित लोक उलटे मांडतात. घर स्वस्त आहे म्हणजे भाग रक्कम कमी, हे खरे. पण बाजारात विकता न येणाऱ्या भागांवर बँका सहज कर्ज देत नाहीत, त्यामुळे ती रक्कम बरेचदा रोख लागते, आणि देकारपत्रानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत. मुदतठेवीत अडकलेला, नातेवाइकाने 'देईन' म्हटलेला पैसा त्या वेळी उपयोगाचा नसतो. भाग रक्कम अधिक तीन महिन्यांचा मासिक आकार अधिक सामान हलवण्याचा खर्च, एवढे मोकळ्या खात्यात ठेवा. कोणी भेट म्हणून देणार असेल तर 'परतफेडीची अट नाही' असे त्याचे पत्र आधीच घेऊन ठेवा, नाहीतर छाननी करणारा ते कर्ज धरतो.

बाहेर पडताना काय परत मिळते, हे आत शिरतानाच विचारायचे. ऑस्ट्रियातल्या ना-नफा गृहसंस्थांत सुरुवातीला भरलेल्या वित्तीय वाट्यातून दरसाल १ टक्का वजा होतो, म्हणजे वीस वर्षांनी ८० टक्के परत. जर्मन कायद्यात सभासदत्व आर्थिक वर्षाअखेरीसच संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत संस्थेने भागांचे पैसे परत करायचे असतात. एका संस्थेतून दुसरीत जाणाऱ्याने जुन्या भागांच्या पैशांवर नवे घर घेण्याचा बेत करू नये तो याचसाठी. मिचेल-लामात मूळ रक्कम आणि कर्जफेडीतला आपला वाटा, असा ठरलेला हिशेब. बाजारभाव कितीही चढो.

दर बांधलेला असतो तिथे पाणी दुसरीकडे मुरते. डेन्मार्कमध्ये सहकारी घराची कमाल किंमत कायद्याने ठरते, आणि म्हणूनच टेबलाखालून पैसे मागण्याचे प्रकार तिथे जुने आहेत. जुन्या कपाटांची, पडद्यांची, 'केलेल्या सुधारणांची' अवाच्या सवा किंमत लावायची, हा त्याचा सभ्य अवतार. कोणत्याही देशात खूण एकच. पैसे संस्थेच्या खात्यात जात नसतील, किंवा पावतीवर कशाचे ते लिहीत नसतील, तर देऊ नका. क्रमांक वर सरकवून देतो म्हणणारा मध्यस्थ तर सरळ लबाड. सोडतीच्या किंवा तारखेच्या यादीत त्याच्या हातात काहीच नसते. तुमचा नंबर आपोआप आला तर तो श्रेय घेतो, नाही आला तर फोन बंद.

हाताशी वेळ आहे तोवर संस्थेचे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मिळवून वाचा. चार ओळी बघायच्या : राखीव निधी किती, सभासदांची थकबाकी किती, इमारतीवरचे कर्ज कधी फिटते किंवा नव्याने घ्यावे लागणार आहे, आणि लिफ्ट, छप्पर, जलवाहिन्या यांतले काय बदलायला झाले आहे. राखीव निधी आटलेला आणि छप्पर चाळीस वर्षांचे, म्हणजे तुम्ही आत पाऊल टाकल्यावर वर्ष-दोन वर्षांत विशेष वर्गणी निघणार किंवा मासिक आकार वाढणार. त्यासाठी घर सोडू नका, पण त्या वाढीसह परवडते का ते आजच मांडून बघा. याच कागदांत दिसते ती दुसरी गोष्ट, संस्था सरकारी योजनेतून बाहेर पडण्याच्या विचारात आहे का. मिचेल-लामा संस्थांना वीस वर्षांनंतर कर्ज फेडून तशी मुभा आहे. सभासदांनी तसे ठरवले की घरे बाजारभावाने जायला लागतात आणि बाहेरच्या यादीला अर्थ उरत नाही. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात 'व्यवहार्यता अभ्यास' असा विषय दिसला, तर सावध व्हा आणि दुसऱ्या यादीकडे लक्ष वाढवा.

देकारपत्र आल्यावर घाई दोन्हीकडून असते. नकार मोजतात तिथे उत्तर न देणे, घर बघायला न जाणे, अपुरे कागद देणे, हे सगळे नकारच धरले जाते. खरे कारण असेल, म्हणजे गुडघ्याचे दुखणे आणि लिफ्ट नसलेला चौथा मजला, तर डॉक्टरच्या दाखल्यासह मुदतीच्या आत लिहा. असा नकार बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. तळमजला, रस्त्याचा आवाज, अंधारे स्वयंपाकघर यांसाठी मात्र पहिली संधी दवडू नये असे माझे मत. आत गेल्यावर ते बदलता येते, बाहेरून नाही.

घर बघताना टेप आणि फोनचा टॉर्च बरोबर ठेवा. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब बघा, सिंकखालच्या लाकडावर हात फिरवा (फुगलेले असेल तर गळती जुनी आहे), खिडक्या उघडून बंद करा, बाहेरच्या भिंतींचे कोपरे आणि छताच्या कडा ओलीसाठी तपासा. मग संस्थेकडून ताब्याआधी काय दुरुस्त करून देणार याची सहीची यादी घ्या. सही झाल्यावर सांगितलेला दोष बहुतेक वेळा तुमच्याच खर्चाने निघतो.

सध्याचे घर सोडण्याची नोटीस भागांचा करार सही होऊन ताब्याची तारीख लेखी मिळाल्यावरच द्या. समितीची मान्यता झाली तरी आधीच्या सभासदाने घर रिकामे करणे, रंगकाम, विजेची तपासणी यांत तारीख पुढे ढकलली जाते. एक महिना दोन्ही घरांचे भाडे भरावे लागेल असे धरून ठेवले की हातातोंडाशी आलेला घास जात नाही.

आणि घरात अठरा पूर्ण झालेले कोणी असेल, धाकटी बहीण, भाचा, आणि संस्था त्या वयाचा अर्ज घेत असेल, तर त्यांच्या नावाचा स्वतंत्र अर्ज याच महिन्यात टाका. त्यांना आज घर नको असते, पण तिशीला पोचतील तेव्हा त्यांच्या पावतीवरची तारीख बारा वर्षांपूर्वीची असेल.